धाप व खोकला : लहान दवाखान्यांत करावयाची पारख

मिरा-भाईंदर महानगरपालिका सन २००२ मध्यें स्थापन झाली. तिच्या हद्दींतील राई, मुर्धा, डोंगरी, उत्तन हीं मूळचीं भातशेतीचीं, मिठागरांचीं व मासेमारीचीं गांवें होत. आज तेथें गॅस आला असला, तरी साठीपुढील कित्येक बायांचें निम्में आयुष्य लांकडाच्या चुलीपुढें गेलें आहे. कित्येक पुरुषांनीं राब भाजतांना धूर घेतला व वर विडीही ओढली.

अशा माणसास धाप लागली कीं, “वय झालें” असें म्हणून घरचे लोक स्वस्थ बसतात. परंतु पुष्कळदां तो फुप्फुसांचा जुनाट अवरोधक विकार असतो. डॉक्टर यास सीओपीडी म्हणतात. धुरानें श्वासनलिका अरुंद होतात, वायुकोश नष्ट होतात, व आंत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाहीं. गेलेली शक्ति परत येत नाहीं. राहिलेली मात्र राखतां येते. म्हणून रोग लवकर ओळखला पाहिजे.

याची पक्की परीक्षा स्पायरोमीटरवर होते. हें यंत्र लंडनचे डॉ. जॉन हचिन्सन यांनीं १८४६ सालीं जगापुढें मांडलें. श्वासनलिका रुंदावणारें औषध दिल्यानंतर जोरानें सोडलेल्या एकंदर हवेपैकीं पहिल्या सेकंदांत शेंकडा ७० पेक्षां कमी हवा बाहेर पडल्यास अडथळा आहे असें ठरतें. परंतु हें यंत्र व तें चालविणारा माणूस प्रत्येक दवाखान्यांत मिळणें कठीण. पैसेवारी लावतांना प्रथम नजरअंदाज करतात, मग निवडक शेतांत पीककापणी करून धान्य तोलतात. तोच क्रम येथें धरावा.

प्रथम विचारावें : वय चाळिशीपुढें आहे काय? धूर, विडी किंवा धूळ वर्षानुवर्षें घेतली काय? सपाट रस्त्यावर धापेमुळें समवयस्कांच्या मागें पडावें लागतें काय? कफ वारंवार पडतो काय? खोकला दोन आठवडे टिकल्यास क्षयासाठीं थुंकी अवश्य तपासावी.

नंतर पीक फ्लो मीटर वापरावा. डॉ. बेसिल मार्टिन राइट यांनीं १९५९ सालीं वर्णिलेल्या यंत्राचें हें सुटसुटीत रूप असून त्यास वीज लागत नाहीं. रोग्यानें खोल श्वास घेऊन, नळीभोंवतीं ओठ घट्ट मिटून एका झटक्यांत फुंकावें. तीन वेळांतील मोठा आंकडा वय व उंचीच्या कोष्टकाशीं ताडावा. कमी आल्यास सालब्युटामॉलचे दोन फवारे देऊन १५ मिनिटांनीं पुन्हां फुंकवावें. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणें आंकडा शेंकडा २० नें वाढल्यास दम्याचा संभव फार. फारसा न वाढल्यास सीओपीडीचा संशय धरून स्पायरोमीटर असलेल्या रुग्णालयांत पाठवावें. आंकडा चांगला आला तरी धाप असलेल्या माणसास परत लावूं नये. आरंभींचा रोग या यंत्रास चुकवितो.

रोग ठरल्यावर विडी व धूर यांचा त्याग हा पहिला उपाय. फवाऱ्याची सवय लागते हा समज खोटा असून तें औषध नेमकें फुप्फुसांत पोंचतें. घरांतील बाईमाणूस आपल्या धापेची तक्रार सहसा करीत नाहीं. सबब कुटुंबप्रमुखांनीं स्वतः विचारावें व तिला दवाखान्यांत न्यावें, ही विनंति.