नदीसाठी राखलेली रिकामी जागा

आजचा विषय पुराचा आहे. पण मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळं सुरुवात तिकडूनच करतो. जगात काय काय आहे याची यादी आपल्या वैशेषिकांनी केली. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय. पुढच्या आचार्यांनी तिच्यात सातवा पदार्थ धरला, तो म्हणजे अभाव. एखादी गोष्ट 'नसणं' हाही एक पदार्थच. विद्यार्थी हसायचे. आज मला वाटतं, पूर समजून घ्यायचा असेल तर या सातव्या पदार्थाइतका उपयोगाचा दुसरा नाही.

कृष्णेचं उदाहरण घेऊ. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मग सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, धरणं आधी रिकामी का नाही केली?

प्रश्न रास्त आहे, पण जरा हिशोब करून बघा. कोयनेची क्षमता साधारण १०५ टीएमसी, आणि एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. समजा आपण १० टीएमसी जागा रिकामी ठेवली आणि वरून एक लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट पाणी येतंय. सगळं अडवलं तर ती जागा एक लाख सेकंदांत भरते. म्हणजे जेमतेम अठ्ठावीस तास! या रिकाम्या जागेनं पूर टळेलच असं नाही. पण अठ्ठावीस तासांत गोठ्यातली जनावरं हलवता येतात, दवाखान्यातले पेशंट हलवता येतात. अभावाची किंमत ही अशी तासांत मोजायची असते.

आता दुसरी बाजू. त्याच सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला जत आहे, आटपाडी आहे. टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी कृष्णेतून तिकडं चढवावं लागतं. जागा रिकामी ठेवली आणि ऑगस्टनंतर पावसानं पाठ फिरवली, तर झळ कुणाला? सांगलीच्या गावभागाला नाही, जतच्या शेतकऱ्याला. म्हणजे धरणात कुठल्या तारखेला किती पाणी असावं, हे वेळापत्रक वरवर तांत्रिक दिसतं. प्रत्यक्षात कुणी किती जोखीम उचलायची, याचा तो निवाडा असतो. आणि तो दोन्हीकडच्या लोकांना बसवून, उघडपणे व्हायला हवा.

पाऊस पूर्वीसारखा असता तर जुनी वेळापत्रकं चालली असती. तसा तो राहिलेला नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात एकाच वेळी मोठ्या भागावर अतिवृष्टी होण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले, असं त्यात दिसतं. काल झालं तसंच उद्या होईल, हे अनुमान किती कच्चं आहे ते ह्यूमनं अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वी सांगितलं होतं. आपल्या पूररेषा मात्र कालच्याच नोंदींवर आखलेल्या असतात.

या रेषा म्हणजे काय? निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लोकांना वाटतं, आत्ताच पूर येऊन गेला, आता पंचवीस वर्षं निवांत. तसं नसतं हो! दरवर्षी शंभरात चार एवढी शक्यता, असा त्याचा अर्थ. निळ्या रेषेवर घर घेऊन तीस वर्षांचं कर्ज काढलंत, तर ते फिटायच्या आत एकदा तरी पाणी दारात येण्याची शक्यता सत्तर टक्के आहे. सांगली-कोल्हापूरनं २००५, २०१९ आणि २०२१ असे सोळा वर्षांत तीन महापूर पाहिले. आणि नदीकाठच्या सखल जागेत भराव टाकून आपण प्लॉट पाडतो, तेव्हा पाणी नाहीसं होत नाही. ते शेजारच्या गल्लीत जातं. भराव टाकणारा एक, भिजणारा दुसरा.

नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. तिथला दक्षिणद्वार सोहळा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पाणी दत्ताच्या देवळात येतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, आणि लोक तिथं स्नानाला गर्दी करतात. उत्सवमूर्ती आधीच उंचावर हलवलेली असते. सगळं शहर असं बांधता येणार नाही, हे मलाही कळतं. शिवाय पाणी त्याहून चढलं की वाडीचेही हाल होतात. पण त्या बांधणीमागं एक गृहीत आहे: नदी येणार, तेव्हा तिची वाट मोकळी ठेवा.

तेव्हा तुमच्या गावात नदीकाठी रिकामी जागा दिसली, तर 'ही पडून आहे' असं म्हणू नका. ती कामावर आहे. तिच्यावर बांधकामाचा ठराव आला, तर ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत एवढंच विचारा, इथलं पाणी उद्या कुणाच्या घरात जाणार?