स्क्रूला हात लावण्याआधी

पाऊस सरला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या हापूसच्या आणि काजूच्या बागांत गवत कमरेएवढं वाढलेलं असतं. ते वेळेत कापावंच लागतं. नाहीतर पुढे वाळून कोळ होतं आणि कुठूनही वणवा आला तर थेट कलमांच्या बुंध्याशी पोचतो. पूर्वी या कामाला विळे घेऊन माणसं लागत; आता खांद्याला पट्टा अडकवून ग्रास कटर चालवतात. त्याच दिवसांत तालुक्याच्या मेकॅनिकांकडे या मशिनांची रांग लागते. तक्रार बहुतेकांची एकच: ‘चालू होतं, पण रेस दिली की बसतं.’

दोरीनं गवत कापण्याची कल्पना अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांची. गाडी धुण्याच्या यंत्रातले गरगर फिरणारे ब्रश पाहून १९७१ च्या सुमारास त्यांनी पत्र्याच्या डब्याला मासेमारीची दोरी, म्हणजे आपला तंगूसच, बांधून पाहिला. आज आपल्या बागांत दिसणारी मशिनं बव्हंशी टू-स्ट्रोक, साधारण ५२ सीसीपर्यंतची. यात व्हॉल्व नाहीत, ऑइलची वेगळी टाकी नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइलच पिस्टनला आणि बेअरिंगांना वंगण पुरवतं. मशीन उताराच्या बांधावर आडवं-तिरकं धरावं लागतं, म्हणून कार्बोरेटरात मोटरसायकलसारखा फ्लोट नसतो. त्याजागी पातळ पडदे असतात. क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर एक पडदा पेट्रोल खेचतो आणि दुसरा सुईची चिमुकली पट्टी उचलून ते हवं तेवढं आत सोडतो. हा पडदा कडक झाला की पट्टी नीट हलत नाही आणि इंजिन उपाशी राहतं.

मशीन मिसिंग करू लागलं की पहिला हात जातो तो कार्बोरेटरच्या स्क्रूकडे. अर्धा फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. माझं ठाम मत आहे की या मशिनांचं सर्वाधिक नुकसान इथेच होतं. गेल्या हंगामात ज्या जुळणीवर मशीन नीट चाललं, ती जुळणी माळ्यावर पडल्यापडल्या बदलत नाही. बदललेलं असतं ते दुसरंच काहीतरी, आणि बहुतेक वेळा ते पेट्रोल असतं.

पंपावरच्या पेट्रोलात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. कोकणातल्या पावसाळी हवेत अर्धी भरलेली टाकी चार महिने पडून राहिली, तर पुरेसं पाणी मुरल्यावर इथेनॉल आणि पाणी एकत्र येऊन तळाशी बसतात. ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं. टाकीतला फिल्टर मात्र नळीच्या टोकाला तळाशीच लोंबत असतो. म्हणजे इंजिनाला आधी मिळतो तो बिनतेलाचा, पाणचट थर. ते खोकतं, बंद पडतं. आणि तशाच अवस्थेत दोरी ओढओढून रेटून चालवलं तर पिस्टन ओरखडतो. म्हणून पहिलं काम टाकी रिकामी करण्याचं. ताजं पेट्रोल, आणि ऑइल मशिनच्या पुस्तकात लिहिलं असेल त्याच प्रमाणात: ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. बाटलीच्या झाकणानं अंदाज घेऊ नये. नळीला भेग आहे का, तिच्यातून हवा ओढली जाते का, टाकीतला फिल्टर चिकट झालाय का, हेही याच वेळी पाहून घ्यावं.

पाच-दहा मिनिटं छान चालून मग गुदमरत असेल तर टाकीचं झाकण सैल करून पाहा. मशीन सुधारलं तर टाकीत हवा जायचं भोक बुजलं आहे. अर्धा चोक ओढल्यावर बरं चालत असेल तर पेट्रोल कमी पोचतंय किंवा कुठूनतरी जादा हवा शिरतेय. मग कार्बोरेटरच्या आतली इवलीशी जाळी आणि पडदे तपासावेत. पडद्यांचा संच वेगळा मिळतो. सगळं ठीक असूनही स्लोला इंजिन आपोआप रेस घेत असेल, खाली येतच नसेल, तर कार्बोरेटरमागचं गॅस्केट किंवा क्रँकचं सील हवा घेतंय. असं मशीन कामाला लावू नये.

याउलट प्लग काढल्यावर काळा आणि ओला दिसला तर एअर फिल्टर पाहावा. वाळक्या गवताचा भुसा त्याच्या स्पंजात घट्ट बसतो. साबणाच्या पाण्यात धुऊन पुरता वाळवला की बऱ्याच मशिनांचा आजार तिथेच संपतो.

स्लोला शांत पण जोरच नाही, अशा मशिनाचा सायलेन्सर उघडावा. जादा ऑइल घालणाऱ्यांच्या मशिनात ठिणगी अडवणारी बारीक जाळी कार्बननं पूर्ण भरलेली असते. सायलेन्सर निघालाच आहे तर त्या भोकातून बॅटरीच्या उजेडात पिस्टन पाहून घ्यावा. मला ही तपासणी सगळ्यांत मोलाची वाटते. पिस्टनवर उभे ओरखडे दिसले तर कार्बोरेटरवर आणखी पैसे घालण्यात अर्थ नाही. आधी सिलिंडरचा विचार करावा.

काही वेळा दोष इंजिनाचा नसतोच. अडचण होते म्हणून लोक खालचं संरक्षक कव्हर काढून टाकतात. त्या कव्हरावरचं छोटं पातं दोरीची लांबी छाटत असतं. ते गेलं की दोरी लांब राहते, इंजिनावर भार वाढतो, मशीन रेस घेत नाही आणि तापतं. शिवाय जांभ्याचा खडा उडून डोळ्यात जाण्याचा धोका वेगळाच.

गार असताना चालणारं आणि तापल्यावर एकदम थांबणारं मशीन कॉइलचा संशय देतं. बंद पडल्याबरोबर, थंड होण्याआधीच, प्लगची ठिणगी पाहावी. नंतर पाहिली तर ती चांगलीच दिसते.

एवढं झाल्यावर स्क्रूची पाळी. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पूर्ण रेसवर, गवतात नसताना, टू-स्ट्रोकचा आवाज थोडा फडफडता असतो. मिश्रणात पेट्रोल किंचित जास्त असतं, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला नीट स्फोट होत नाही. दोरी गवताला भिडून भार आला की आवाज स्वच्छ होतो. हे आरोग्याचं लक्षण आहे. त्या फडफडीलाच बिघाड समजून मोठ्या रेसचा स्क्रू आवळला तर आवाज गोड लागतो, पण पेट्रोल कमी होतं, त्यासोबत ऑइलही कमी होतं, आणि पिस्टन सायलेन्सरच्या बाजूनं जळायला लागतो. म्हणून स्क्रू इंजिन तापवून, फिल्टर बसवूनच फिरवावेत: आधी छोट्या रेसचा, मग मोठ्या रेसचा, आणि तोही फडफड थोडी शिल्लक राहील इतकाच. स्लोचा स्क्रू शेवटी, पातं स्थिर राहीपर्यंत कमी करावा. स्लो कमी करूनही पातं फिरत राहिलं तर क्लचची स्प्रिंग तुटली असेल. ती बदलल्याशिवाय मशीन कुणाच्या हाती देऊ नये.