माशाविना मिसो

टोकियोच्या जुन्या वस्त्यांमध्ये दारावर कापडी पडदा सोडलेल्या लहानशा खानावळी आढळतात. जपानीत अशा खानावळीला 'शोकुदो' म्हणतात. दुपारी तेथे मिळते ते 'तेइशोकु', म्हणजे भात, मिसोचे सूप, लोणचे आणि दोन-तीन पदार्थांचे ताट. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा. मेजवानीपेक्षा हे ताट घरच्या जेवणाच्या अधिक जवळचे. मांस, मासे, अंडी, दूध यांपैकी काहीही न वापरता अशी खानावळ वर्षानुवर्षे चालवायची, तर अडचण कोठे येते?

मराठी वाचकाला आधी दूध-तूप आठवेल. पण पारंपरिक जपानी घरगुती स्वयंपाकात दुधाला फारशी जागाच नाही. मांसाचेही तसेच. सम्राट तेम्मूने इ.स. ६७५ मध्ये काही प्राण्यांच्या मांसावर हंगामी बंदी घातली. पुढे बौद्ध विचारांच्या प्रभावाने मांसाविषयीचा संकोच इतका रुजला, की १८७२ मध्ये सम्राट मेइजीने मांस खाल्ले, तेव्हा ती बातमी झाली. खरी अडचण मासळीची आहे, आणि तीही ताटात न दिसणाऱ्या मासळीची.

जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'दाशी' हे पातळ सार. कोम्बू नावाचे वाळवलेले समुद्रशैवाल आणि 'कात्सुओबुशी' यांपासून ते करतात. कात्सुओबुशी म्हणजे उकडून, धुरी देऊन लाकडासारखा कडक वाळवलेला मासा. त्याचा कीस पाण्यात घालतात. सूप, उकडलेल्या भाज्या, नूडल्सचा रस, सगळीकडे दाशी असते. 'मांस नको, मासे नको' असे बजावूनही वाटीत मासा येतो तो असा. बाजारातल्या काही तयार मिसोतही तो असतो.

मग पर्याय काय? टोकियोच्या विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बूतून ग्लुटामेट वेगळे केले आणि त्या चवीला 'उमामी' हे नाव दिले. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना कात्सुओबुशीत इनोसिनेट सापडले. पुढे आकिरा कुनिनाका यांनी ग्वानिलेट हाही उमामी देणारा पदार्थ असल्याचे दाखवले. यातला कोणताही ग्लुटामेटशी मिसळला, की चव बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. हे ग्वानिलेट वाळवलेल्या शिइताके अळंबीत मिळते. ताज्या अळंबीत ते नगण्यच. माशाची जागा अळंबी घेऊ शकते ती यामुळे.

बौद्ध मठांतील स्वयंपाक्यांना हे रसायनशास्त्राच्या कितीतरी आधी जिभेने कळले होते. त्यांच्या 'शोजिन र्‍योरी' या पाकपरंपरेत मांस-मासळीबरोबरच कांदा-लसूणही वर्ज्य. आपल्याकडचा चातुर्मासच, पण बारमाही! झेन गुरू दोगेन यांनी १२३७ मध्ये मठाच्या स्वयंपाक्याच्या कर्तव्यांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. गल्लीतली खानावळ मात्र मठ नव्हे. तेथे कांदा खुशाल चालतो.

काम वेळखाऊ आहे. अळंबी आदल्या रात्रीच थंड पाण्यात भिजत घालावी लागते. कोम्बू हलके तापवून पाणी उकळण्याआधी काढावे लागते, नाहीतर सार बुळबुळीत होते. एवढे झाले की बाकीचे सोपे: गाजर आणि तळलेल्या तोफूबरोबर शिजवलेले हिजिकी शैवाल, मिसो लावून भाजलेले वांगे, तोफू आणि तीळ वाटून त्यात कालवलेला पालक.

अशा उपाहारगृहांसाठी जपान सरकारने २०२२ मध्ये प्रमाणके ठरवली. पण शेजारपाजारचे गिऱ्हाईक प्रमाणपत्रापेक्षा सूपच्या पहिल्या घोटावरच भरवसा ठेवते. शाकाहारी ताट स्वस्त असायला हवे, हा समजही येथे टिकत नाही, कारण चांगले कोम्बू महाग असते. शिवाय ते मुख्यतः होक्काइदो बेटाच्या थंड समुद्रातून येते. समुद्र तापत आहे, कोम्बू काढणारे कोळी म्हातारे होत आहेत, आणि गेल्या काही दशकांत तेथील उत्पादन घटत गेले आहे. माशाचा कीस वापरणाऱ्या स्वयंपाक्याला कोम्बू थोडे कमी घालून भागवता येते. या खानावळींना ती सोय नाही.