मध्यकर्णाचे विकार आणि श्रवणचाचणीचा अर्थ

प्रस्तावना : जुन्नर तालुक्यातील खोडद हे गाव प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीमुळे जगाला परिचित आहे. अँटेनाने टिपलेला क्षीण संकेत प्रवर्धकात पोहोचण्यासाठी दोहोंच्या संरोधाचा, म्हणजेच इम्पीडन्सचा, मेळ बसावा लागतो. अन्यथा संकेताचा काही भाग परावर्तित होऊन वाया जातो. मानवी कानापुढेही हाच प्रश्न असतो. ध्वनी हवेतून येतो, मात्र आंतरकर्णात द्रव असतो. हा मेळ मध्यकर्ण घालतो. कर्णपटल आणि रिकिबीचा तळ यांच्या क्षेत्रफळांतील फरक व अस्थींची तरफ यांमुळे ध्वनीचा दाब सुमारे २२ पट वाढतो. पडद्यास छिद्र पडल्यास, आत द्रव साचल्यास अथवा अस्थी जखडल्यास हे कार्य मंदावते.

श्रवणालेखाचे वाचन : ऑडिओमेट्रीच्या आलेखात आडव्या अक्षावर २५० ते ८००० हर्ट्झ वारंवारता, तर उभ्या अक्षावर डेसिबल असतात. रेषा जितकी खाली, तितकी श्रवणहानी अधिक. उजवा कान तांबड्या वर्तुळाने, तर डावा निळ्या फुलीने दर्शवितात. या खुणा वायुवहनाच्या होत. अस्थिवहनात कंपक कानामागील हाडावर ठेवतात. त्यामुळे ध्वनी मध्यकर्ण बव्हंशी टाळून आंतरकर्णास पोहोचतो. अस्थिवहन प्राकृत असून वायुवहन १० डेसिबलपेक्षा अधिक खालावलेले असल्यास दोष बाह्यकर्णात वा मध्यकर्णात आहे, असे समजावे. दोन्ही रेषा एकत्रच खालावल्यास दोष आंतरकर्णाचा अथवा श्रवणमज्जातंतूचा असतो. असे बहिरेपण अचानक आल्यास त्वरित उपचार आवश्यक ठरतात.

इम्पीडन्स चाचणी : हिच्यात कर्णनलिकेतील हवेचा दाब बदलून पडद्याची लवचीकता मोजतात. शून्य दाबाजवळ शिखर असलेला ‘ए’ प्रकारचा आलेख प्राकृत होय. शिखर ऋण दाबाकडे सरकलेला ‘सी’ प्रकार घसा व कान यांना जोडणाऱ्या नलिकेचा अवरोध सुचवितो. सपाट ‘बी’ आलेखात नलिकेचे आकारमान प्राकृत असल्यास द्रव, तर फार मोठे असल्यास छिद्र संभवते. म्हणून आकारमानाचा आकडा न पाहता ‘बी’चा अर्थ लावू नये.

निष्कर्ष : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल हानी असणारी व्यक्ती ‘ऐकण्यास कठीण’ या वर्गात येते. द्रव साचल्याने होणारी हानी साधारणतः २० ते ४० डेसिबल असते व ती कमीअधिक होत राहते. परिणामी असा विद्यार्थी प्रमाणपत्रास पात्र ठरत नाही, तथापि मागील बाकावरून व्याख्यानातील बरेच शब्द त्यास निसटतात. त्याचे मौन अनास्था समजले जाण्याचा धोका येथेच आहे. वस्तुतः मध्यकर्णाचे बहुतेक विकार औषधाने वा शस्त्रक्रियेने सुधारतात. प्राध्यापकांनी निदान करू नये. परंतु अशा विद्यार्थ्यास पुढील बाक द्यावा, फळ्याकडे तोंड करून बोलणे टाळावे आणि त्यास कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाण्यास सुचवावे.