कामनिहाय हिशोब : सॉफ्टवेअर घेण्याआधी विचारायचे प्रश्न

आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचा सिमेंट-सळईच्या हिशोबाशी काय संबंध? संबंध आहे. एखादा खर्च कोणत्या कामाचा, हे ठरवणं म्हणजे वर्गीकरण करणं. आणि वर्गीकरण कुठे चुकतं, याचा विचार आपल्याकडच्या नैयायिकांनी फार बारकाईने केलेला आहे. तो आज आपण छोट्या ठेकेदाराच्या उपयोगाला लावून बघू. छोटा म्हणजे कसा? एका वेळी तीन-चार कामं चालू आहेत, ऑफिसात एक हिशोबनीस, साइटवर एक सुपरवायझर, बाकी सगळं मुकादमांवर.

आधी दुखणं काय ते बघा. समजा, अशा एका ठेकेदाराकडे वर्षभरात तीन कामं होती. 40 लाखांचा बंगला, त्यात 5 लाख सुटले. 15 लाखांच्या शाळाखोल्या, त्यात दीड लाख सुटले. आणि 20 लाखांची संरक्षक भिंत, त्यात 2 लाख तोटा झाला. वर्षाअखेरीस ताळेबंद म्हणतो, साडेचार लाख नफा. माणूस खूश. भिंतीने खाल्लेले 2 लाख बंगल्याने झाकले, हे त्याला दिसतच नाही. पुढच्या वर्षी तो त्याच दराने अशा दोन भिंती घेतो, बंगला मिळत नाही, आणि शाळेचे दीड लाख धरूनही अडीच लाखांचा खड्डा पडतो. तो भरायला मग नव्या कामाचा अॅडव्हान्स जुन्या कामाच्या सळईत जातो. याची टोपी त्याच्या डोक्यावर. हे चक्र नवं काम मिळेनासं झालं की थांबतं, आणि तेव्हा माणूस बुडालेला असतो.

म्हणून कामनिहाय हिशोब, ज्याला जॉब कॉस्टिंग म्हणतात, त्याचा प्रश्न एकच असतो : हे काम, कामातली ही बाब, आज या घडीला अंदाजाच्या आत आहे की बाहेर? 'आज या घडीला' हे महत्त्वाचं. काम संपल्यावर कळलेला तोटा म्हणजे नुसता इतिहास.

आता वर्गीकरणाकडे येऊ. न्यायशास्त्रात लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष सांगतात आणि गाईचं उदाहरण देतात. 'गाय म्हणजे तांबूस रंगाची' म्हटलं तर पांढऱ्या गाई सुटतात. ही अव्याप्ती. 'गाय म्हणजे शिंगं असलेली' म्हटलं तर म्हैसही आत येते. ही अतिव्याप्ती. 'गाय म्हणजे एकसंध खुराची' म्हटलं तर एकही गाय सापडत नाही. हा असंभव.

खर्चाच्या खात्यांत हे तिन्ही दोष हमखास असतात. 'मजुरी' या खात्यात फक्त हजेरीपत्रकावरचा पगार धरला आणि मुकादमाला दिलेली उचल, अंगावर दिलेल्या कामातली मजुरी बाहेर राहिली, की झाली अव्याप्ती. 'किरकोळ' किंवा 'साइट खर्च' नावाच्या खात्यात डिझेल, चहा, मिक्सरची दुरुस्ती, वाळूची जादा वाहतूक असं सगळं गेलं, की अतिव्याप्ती. बरं का, ठेकेदाराचा तोटा बहुधा या 'किरकोळ'मध्येच लपून बसलेला असतो. आणि मोठ्या कंपनीसाठी केलेली तीन-चारशे खात्यांची तयार यादी सॉफ्टवेअरबरोबर आली, त्यात टॉवर क्रेनचं खातं आहे आणि तुमच्याकडे माल डोक्यावरून चढतो, तर तो असंभव. अशी यादी कोणी भरत नाही. सुपरवायझर दिसेल त्या पहिल्या खात्यात रक्कम टाकून मोकळा होतो.

मग खाती किती असावीत? निविदेत ज्या बाबींवर दर भरला, त्याच बाबी खर्चाला लावा : खोदाई, काँक्रीट, सळई, वीटकाम, गिलावा वगैरे. प्रत्येकीत माल, मजुरी, यंत्र आणि उपठेका एवढे चार भाग. जसा दर मांडला तसाच खर्च मांडला तरच दोन्हींची तुलना होते.

दुसरा अवघड प्रश्न सामाईक खर्चाचा. एक मिक्सर तीन साइटवर फिरतो, तो कोणाचा? त्याचा खर्च कामाच्या रकमेच्या प्रमाणात वाटला, तर मोठ्या बंगल्यावर उगाच बोजा पडतो. जितके दिवस मिक्सर जिथे होता तितके दिवस तिथे लावा. आणि स्वतःच्या सेंट्रिंगच्या प्लेटांचंही रोजचं भाडं कामाला लावा. रोख पैसे गेले नाहीत म्हणून खर्च झाला नाही, असं नसतं. त्या प्लेटा भिंतीवर अडकल्या म्हणून बंगल्यासाठी भाड्याने आणाव्या लागल्या, की हे समजतं.

तिसरा प्रश्न, नोंद खरी कशावरून? प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही प्रमाणं इथेही लागू पडतात. समजा, स्लॅब आणि बीम मिळून 40 घनमीटर काँक्रीट झालं. एकास दीड, तीन या मिश्रणात घनमीटरला साधारण 8 गोण्या सिमेंट लागतं, म्हणजे 320 गोण्या. हे अनुमान. चलनं सांगतात 360 गोण्या साइटवर उतरल्या. हा शब्द. शेडमध्ये मोजल्या तर 10 शिल्लक. हे प्रत्यक्ष. म्हणजे वापर 350 गोण्या, आणि 30 गोण्यांचा मेळ नाही. गोणीला साडेतीनशे रुपये धरले तरी साडेदहा हजार. चोरीच झाली असेल असं नाही. काही नासाडी असेल, सेंट्रिंग खचून स्लॅब जाड झाला असेल, काही गोण्या दुसऱ्या साइटला गेल्या असतील. पण हा प्रश्न त्याच आठवड्यात विचारता आला पाहिजे. म्हणून मालाची नोंद तो साइटवर उतरला त्या दिवशी, चलनावरून व्हायला हवी. पुरवठादाराचं बिल महिन्याने येईल तेव्हा करून उपयोग नाही.

इथे एक चिठ्ठी आली आहे : 'एक्सेल पुरत नाही का?' एक-दोन कामं असतील आणि नोंद करणारा एकच असेल, तर पुरतं. तिघांनी तीन फायली केल्या की कोणती खरी, हा वाद सुरू होतो. बऱ्याच जणांकडे टॅली असतंच. त्यात प्रत्येक कामाला कॉस्ट सेंटर आणि प्रत्येक साइटला गोडाऊन करून बरंच साधता येतं. आधी तेवढं करून बघावं. साइटवरून मोबाइलवर नोंद, मोजमापं, उपठेकेदारांची बिलं हे एकत्र हवं असेल तेव्हाच बांधकामासाठी केलेल्या खास सॉफ्टवेअरकडे वळावं. आणि फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर एक गोष्ट विसरू नका. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांना हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक दुरुस्तीची नोंद राहणं बंधनकारक आहे. जे घ्याल त्यात ती सोय बंद करता येत नाही ना, ते बघा.

विक्रेता आपल्या नमुन्याच्या आकड्यांवर सगळं सुंदर दाखवतो. तुम्ही तुमच्या संपलेल्या कामाचे कागद पुढे ठेवा, शक्यतो तोट्यात गेलेल्या. आपल्या उदाहरणातली भिंतच घ्या. पायात कठीण खडक लागला, जादा खोदाई झाली, पण मोजमापं वेळेवर नोंदली नाहीत म्हणून जादा बाबीचं बिलच झालं नाही. आता विचारा : खोदाईचा खर्च अंदाजाबाहेर चालला आहे, हे या सॉफ्टवेअरने काम चालू असताना कधी दाखवलं असतं? मागवलेल्या पण बिल न आलेल्या मालाचा बोजा दिसतो का? जादा बाब मूळ करारापासून वेगळी ठेवता येते का? रोखून ठेवलेली सुरक्षा रक्कम येणं म्हणून दिसते, की विसरली जाते? रेंज नसलेल्या साइटवर नोंद होते का, आणि मराठीत होते का? उद्या हे सोडायचं ठरवलं तर सगळी माहिती एक्सेलमध्ये बाहेर काढता येते का? हे शेवटचं लेखी घ्या.

आणि ही परीक्षा मालकाने किंवा विक्रेत्याने देऊ नये. सुपरवायझरच्या हातात फोन द्या. दिवसभर उन्हात उभा राहिलेला माणूस संध्याकाळी पाच मिनिटांत हजेरी, आलेला माल आणि झालेलं काम भरू शकला, तर ते सॉफ्टवेअर तुमच्या कामाचं. नाही भरू शकला, तर त्यातले अहवाल कितीही रंगीत असोत, आत आकडे अंदाजपंचेच असणार.

तेव्हा या आठवड्यात खरेदी करू नका. तोट्यात गेलेलं एक काम घ्या, खात्यांची यादी एका पानावर लिहा, आणि 'किरकोळ' खोडून ती पुन्हा लिहा. ते पान घेऊनच विक्रेत्यासमोर बसा.