सूर कुठला? कानाला विचारा, शिक्क्याला नको

श्रावणात मुळशी तालुक्यातल्या देवळांमधून हरिनाम सप्ताह बसतात. दिवसभर भातखाचरांत राबलेली माणसे रात्री कीर्तनाला जमतात. टाळकरी असतात, पखवाज असतो आणि सगळ्यांना सूर धरून देणारी पेटी असते. ही पेटी जुनी झाली, भात्याला भोक पडले, दोन-तीन सूर बोलेनासे झाले की भजनी मंडळात वर्गणीचा विषय निघतो. वर्गणीच्या आधी वाद निघतो तो मात्र वेगळाच: पेटी कुठली घ्यायची?

सूर जर्मनच हवेत, असे जुनेजाणते सांगतात. तरुण पोरे म्हणतात, पालिताण्याचे सूर आता उत्तम येतात, दामही परवडतो. तिसऱ्याला कोलकात्याची पेटी हवी असते. रात्री देवळात थांबलेला वाद सकाळी मोबाइलवर पुन्हा सुरू होतो. गंमत म्हणजे या सगळ्यांपैकी फारच थोड्यांनी या पेट्या एकामागून एक, नाव न पाहता ऐकलेल्या असतात.

हा वाद केवळ संगीताचा नाही. मेंदू कसा ऐकतो, याचा तो उत्तम नमुना आहे. आणि जो मेंदू पेटीवरचा शिक्का पाहून सूर ठरवतो, तोच मेंदू वेष्टन पाहून गोळीचा गुण ठरवतो.

तेव्हा परदेशी म्हणून बंदी

पेटीचा मूळ पत्ता युरोपचा. १८४२ च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबें यांनी हार्मोनियम घडवली. तिचा भाता पायाने चालवावा लागे. १८७५ च्या सुमारास कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी जमिनीवर बसून, एका हाताने भाता ओढत वाजवता येईल अशी पेटी बनवली. पुढे ती महाराष्ट्रात संगीत नाटकांत, मैफलींत आणि भजनात रुजली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांनी तिला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा दिली.

तरीही १९४० मध्ये रेडिओवर हार्मोनियमला बंदी आली. तिच्यातून मींड निघत नाही, तिचे स्वर ठरावीक जागी बांधलेले असतात, हे आक्षेप संगीताचे होते. त्यांच्या जोडीला ‘हे वाद्य आपले नव्हे’ ही भावनाही होती. बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले. म्हणजे एके काळी पेटी परदेशी म्हणून दोषी ठरली आणि आज तिचे सूर परदेशी असले तर तो गुण ठरतो. दोन्ही वेळा पितळेची जीभ तीच होती. बदलला तो ऐकणाऱ्याच्या मनातला नकाशा.

पितळेला गाव नसते

पेटीचा सूर म्हणजे एका चौकटीत एका टोकाला घट्ट बसवलेली पितळेची पातळ जीभ. भात्याची हवा तिच्याजवळून गेली की ती थरथरते. किती वेगाने थरथरेल हे तिची लांबी, जाडी आणि धातूचा ताठपणा ठरवतो. जाडी तेवढीच ठेवून लांबी निम्मी केली तर कंपने चौपट होतात, म्हणजे सूर दोन सप्तके वर जातो. कारागीर जीभ टोकाकडे खरवडतो तेव्हा सूर चढतो, बुडाकडे खरवडली की उतरतो. जीभ आणि चौकट यांमधली फट किती नेमकी आहे, यावर सूर किती पटकन बोलतो आणि किती हवा खातो हे अवलंबून असते.

यात जर्मनी किंवा भावनगर जिल्ह्यातले पालिताणा कुठेच येत नाही. जुने जर्मन सूर चांगले का ठरले? धातू एकसारखा होता, काम बारकाईचे होते. शिवाय वाईट निघालेले सूर केव्हाच भंगारात गेले. जुन्या पेट्यांमधून काढून नव्यांत बसवले जातात ते टिकलेले, निवडक सूर. त्यांची तुलना आपण कालच बनलेल्या सरसकट मालाशी करतो. असे काम पालिताण्यात झाले तर तिथला सूरही तसाच बोलेल.

मुळशीच्या माणसाला मात्र ‘जागेला महत्त्व नाही’ हे पटकन पटणार नाही, आणि त्याचे बरोबरच आहे. मावळ-मुळशी पट्ट्यात पिकणाऱ्या आंबेमोहोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. सुवासिक तांदळाचा वास मुख्यतः एका रासायनिक संयुगामुळे येतो. ते दाण्यात किती उतरेल हे वाणाबरोबरच जमिनीवर आणि दाणा भरतानाच्या तापमानावरही ठरते. तिथे जागा खरोखरच दाण्यात शिरते. पितळेच्या जिभेत ती शिरत नाही.

मिरजेचा तंबोरा या दोन्हींच्या मधला. त्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांतले कारागीर एकोणिसाव्या शतकात या वाद्यांकडे वळले. फरीदसाहेब सितारमेकर हे त्यांतले गाजलेले नाव. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडीच्या पृष्ठभागाची ती सूक्ष्म गोलाई, हाताने घासून साधावी लागते. या गोलाईमुळे आणि तारेखालच्या दोऱ्यामुळे एकाच तारेतून वरच्या स्वरांची मालिका कशी झंकारते, याचा उलगडा सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये केला होता. ही गोलाई मातीतून येत नाही. बापाच्या हाताखाली मुलगा वर्षानुवर्षे बसला की त्याच्या हातात येते. मानांकन त्या हातांना नकलेपासून वाचवते. मिरजेतला प्रत्येक तंबोरा गोडच निघेल, अशी हमी मात्र ते देत नाही.

डोळे बांधले तेव्हा

जगात वाद्याच्या गावावरून सर्वांत मोठा वाद आहे तो व्हायोलिनचा. इटलीतल्या क्रेमोना गावी अठराव्या शतकात स्ट्रॅडिव्हेरी आणि ग्वार्नेरी यांनी घडवलेली व्हायोलिने आज कोट्यवधी रुपयांना विकली जातात. त्यांच्या आवाजाचे रहस्य लाकडात, वार्निशात, त्या काळच्या थंडीतही शोधले गेले. क्लॉडिया फ्रिट्झ आणि जोसेफ कर्टिन यांनी वेगळा प्रश्न विचारला: वाजवणाऱ्याला हा फरक नाव न सांगता कळतो का?

२०१० मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात त्यांनी हॉटेलच्या अंधुक खोलीत २१ वादकांना बोलावले. डोळ्यांवर वेल्डरचे काळे चष्मे चढवले. जुन्या लाकडाचा वास ओळखता येऊ नये म्हणून हनुवटी टेकते त्या जागी अत्तर लावले. तीन जुनी आणि तीन नवी, अशी सहा वाद्ये होती. बहुतेकांना जुने-नवे ओळखता आले नाही. सर्वांत जास्त आवडलेले वाद्य नवे होते आणि सर्वांत कमी आवडलेले एक स्ट्रॅडिव्हेरीचे होते.

हॉटेलची खोली म्हणजे मैफलीचे सभागृह नव्हे, वाद्येही थोडीच, असा आक्षेप आला. तो रास्त होता. म्हणून पुढचा प्रयोग पॅरिसजवळ दहा नामवंत एकल वादकांवर, बारा वाद्ये घेऊन, सभागृहातही झाला. दहापैकी सहा जणांनी नवे व्हायोलिन निवडले. २०१७ मध्ये श्रोत्यांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष आले. नव्या वाद्यांचा आवाज सभागृहात अधिक पोचतो, असे श्रोत्यांचे मत पडले, आणि जुने कोणते हे त्यांनाही ओळखता आले नाही.

याचा अर्थ जुनी वाद्ये वाईट, असा नाही. नाव झाकले की खात्री डळमळते, एवढाच आहे.

मेंदू आधी नाव ऐकतो

असे का होते? कान हा नुसता ध्वनिग्राहक. ऐकणे घडते मेंदूत, आणि मेंदू कोऱ्या पाटीने ऐकायला बसत नाही. काय ऐकू येणार याचा अंदाज तो आधीच बांधतो आणि आलेला आवाज त्या अंदाजाशी ताडून पाहतो. शिवाय आवाजाची बारीक छटा स्मरणात फार थोडा वेळ टिकते. गेल्या वर्षी ऐकलेल्या जर्मन पेटीशी आजच्या पेटीची तुलना करताना आपण आवाज आठवत नसतो, त्याचे कौतुक आठवत असतो.

२००८ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. स्वयंसेवकांना मेंदूच्या स्कॅनयंत्रात झोपवून तीच वाइन दोनदा चाखायला दिली. एकदा स्वस्त म्हणून, एकदा महाग म्हणून. महाग सांगितल्यावर ती अधिक चवदार वाटली. शिवाय डोळ्यांच्या वर, कपाळामागे, सुखद अनुभवाशी निगडित असलेला मेंदूचा भाग खरोखरच जास्त सक्रिय झाला. म्हणजे माणसे खोटे बोलत नव्हती. जर्मन सूर ऐकून ज्याचे डोळे भरून येतात, तोही खोटे बोलत नसतो.

इथेच हा विषय दवाखान्यात येऊन पोचतो. ‘सरकारी गोळी लागू पडत नाही,’ हे वाक्य प्रत्येक सरकारी रुग्णालयात ऐकू येते. १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये ८३५ स्त्रियांवर डोकेदुखीचा अभ्यास झाला. ॲस्पिरिनने आराम पडलाच. पण प्रसिद्ध नावाच्या वेष्टनातल्या गोळीने अधिक पडला. औषध नसलेल्या गोळीचेही तसेच झाले. २००८ च्या दुसऱ्या एका प्रयोगात ८२ जणांना विजेचे सौम्य झटके देऊन औषध नसलेली गोळी दिली. गोळी अडीच डॉलरची आहे असे सांगितलेल्यांपैकी ८५ टक्क्यांना वेदना कमी वाटली. दहा सेंटची आहे असे सांगितलेल्यांपैकी ६१ टक्क्यांना.

म्हणूनच नव्या औषधाची चाचणी डबल ब्लाइंड पद्धतीने होते. खरे औषध कोणाला मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसते. डॉक्टरचा मेंदूही नावाला भुलतो, हे वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे.

वेदनेसारख्या अनुभवात नावाचा परिणाम मोठा असतो. जंतुसंसर्गात किंवा रक्तातल्या साखरेत नावाच्या भरवशावर राहता येत नाही. तिथे गोळीत औषध योग्य प्रमाणात आहे का, ते नीट विरघळते का, हे प्रयोगशाळेत तपासावे लागते. स्वस्त गोळी वाईटच असते असे नाही आणि प्रत्येक गोळी चांगलीच असते असेही नाही. मात्र फिट्स, थायरॉइड किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांची कंपनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये. या औषधांच्या मात्रेत थोडा फरकही महागात पडू शकतो.

जनौषधी दुकानातली गोळी पुरली असती तिथे अनेक घरे नावासाठी कर्ज काढतात. महिन्याचा औषधखर्च परवडेना म्हणून रक्तदाबाची गोळी मध्येच बंद होते आणि माणूस पक्षाघात होऊन रुग्णालयात येतो. पेटीच्या वादात फार तर वर्गणी वाया जाते. इथे हात-पाय जातात.

पेटी घ्यायला जाताना

मंडळाने पेटी घ्यायला जाताना एवढे करावे. दोन-तीन पेट्या एकाच पट्टीत लावून घ्याव्यात, काळी चार म्हणजे सगळ्या काळी चार. वाजवणारा एकच असावा आणि त्याने पडद्याआड बसून एकामागून एक पेटी वाजवावी. क्रम कोणाला सांगू नये आणि दुसऱ्या फेरीत तो बदलावा. आवाज सारख्याच जोराने काढावा, कारण किंचित मोठा आवाज कानाला अधिक चांगला वाटतो. प्रत्येकाने आपली पसंती न बोलता चिठ्ठीवर लिहावी; नाहीतर पहिला जो बोलेल त्याचेच सगळ्यांना पटते. दोन्ही फेऱ्यांत तीच पेटी निवडली गेली तर ती पसंती खरी. मग भाता किती दम धरतो, पट्ट्या अडकतात का आणि दुरुस्तीला कारागीर जवळ आहे का, हे पाहावे.

वयाचाही विचार करावा. वय वाढते तसे आधी उंच स्वर ऐकू येईनासे होतात आणि सुराची चमक तर त्या वरच्या स्वरांतच असते. वडीलधाऱ्यांच्या अनुभवाला मान द्यावाच, पण चिठ्ठी तरुण कानांकडूनही घ्यावी. आणि सप्ताहात कर्ण्याच्या तोंडाशी कोणी बसू नये. आवाज तीन डेसिबलने वाढला की कानाला सुरक्षित असलेला वेळ निम्मा होतो.

राहता राहिला मुळशीचा पाऊस. इथल्या पावसात लाकूड फुगते, भात्याच्या घड्या सादळतात, पखवाजाचे कातडे उतरते. कुठल्याही देशातून आलेली पेटी देवळाच्या ओल्या कोपऱ्यात चार महिने पडून राहिली तर तिचे सूर सारखेच बिघडतात. ती कुठे जन्मली यापेक्षा ती कोरड्या जागी, कापडात गुंडाळून, फळीवर उंच ठेवली जाते का, याने तिच्या सुरात जास्त फरक पडतो.