होडी मोठी करावी काय?

नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण होतो. परंतु त्यापूर्वीचे दोन महिने कोकणच्या किनाऱ्यावर हिशेबाचे असतात. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद. होड्या वाळूवर ओढलेल्या, त्यांच्यावर ताडपत्र्या बांधलेल्या, आणि ओटीवर फाटकी जाळी विणीत बसलेली माणसे. या बैठकांत दरसाल एक विषय हटकून निघतो. कोणी तो चेष्टेत काढतो, कोणी पावसाळा संपता संपता फार गंभीरपणे काढतो. विषय असा की, घरची होडी आता लहान पडते, ती मोठी करावी काय?

एखादे कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. पंचवीस फुटी होडी, दोन भाऊ, एकाचा मुलगा आणि शेजारचा एक जण असे चौघे त्यात जाणारे. पूर्वी या होडीला शीड होते. आता मागे यंत्र लागले आहे, आणि शीड गुंडाळून आढ्याला टांगलेले आहे. शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी पंचेचाळीस फुटी नौका घेतली. तो लांब जातो, तीन तीन दिवस राहतो, बर्फ घालून मासळी आणतो. आपल्याला मात्र पूर्वी जे दोन तासांच्या अंतरावर मिळे ते आता मिळत नाही. मुलगा म्हणतो, कर्ज मिळते तर घेऊ. थोरला भाऊ गप्प असतो. हा गप्प बसलेला भाऊ काय विचार करीत असेल, याचा विचार आमच्या राज्यकर्त्यांनी व बँकांनी फारसा केलेला नाही, म्हणूनच आज हा विषय आम्ही अग्रलेखाला घेत आहोत.

शिडाच्या होडीला मर्यादा निसर्गानेच घालून दिली होती. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यावर होडी बाहेर पडायची. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की त्याच वाऱ्याने शीड भरून परत यायची. एका दिवसाच्या वाऱ्यात जेवढे जाता येईल तेवढेच त्या कुटुंबाचे जग. त्या होडीला किती माणसे लागतात हे घरातल्या पुरुषांच्या संख्येवरून ठरे, आणि किती मासळी आणावी हे घरातल्या बाईच्या टोपलीवरून ठरे. हे जीवन सुखाचे होते असे आम्ही मुळीच म्हणत नाही. वारा पडल्यावर भर उन्हात तासन् तास वल्ही मारणाऱ्याला त्या काळाची आठवण गोड वाटत नाही, आणि वादळाची चाहूल लागल्यावर यंत्राने तासाभरात खाडीत शिरता येते ही काही लहान गोष्ट नव्हे. शीड उतरले आणि यंत्र आले, ते योग्यच झाले. (बिगरयांत्रिक होडीला पावसाळी बंदी लागू नाही, एवढा एक मान मात्र शिडाकडे आजही उरला आहे, अर्थात त्या दिवसांतल्या दर्यात शीड उभारून जाण्याचे धाडस कोण करणार, हा प्रश्न निराळा.)

परंतु शीड जाऊन यंत्र येणे आणि लहान होडी जाऊन मोठी नौका येणे या एकाच वाटेवरच्या दोन पायऱ्या आहेत, असे जे मानले जाते ते आम्हांला मान्य नाही. पहिल्या बदलात कुटुंब तेच राहिले. दुसऱ्या बदलात कुटुंबच बदलते.

ते कसे, हे पाहण्यासारखे आहे. पंचेचाळीस-पन्नास फुटी नौकेला आठ-दहा माणसे लागतात. पर्ससीन जाळ्याची असेल तर वीस-पंचविसांहून अधिक. एवढी माणसे कोणत्याही एका घरात नसतात. मग खलाशी बाहेरून आणावे लागतात. रत्नागिरीच्या बंदरात आज नेपाळातून आलेले तरुण जाळी ओढताना दिसतात. त्यांना हंगामापूर्वी उचल द्यावी लागते, महिन्याचा पगार द्यावा लागतो, मासळी मिळो वा न मिळो. लहान होडीत वाट्याची पद्धत होती: डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च वजा जाता जे उरेल त्यात होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि माणसांचे वाटे. ज्या दिवशी काही मिळाले नाही त्या दिवशी सगळेच उपाशी, पण कोणी कोणाचा देणेकरी नसे. मोठ्या नौकेवर नुकसान एकट्या मालकाचे. काल जो तांडेल होता तो आज नाखवा होतो, आणि पुष्कळदा होडीत न जाता बंदरावर उभा राहून डिझेलची बिले मोजतो.

दुसरी गोष्ट विक्रीची. लहान होडीची मासळी किनाऱ्याला लागली की घरची बाई ती टोपलीत घेऊन बाजारात बसते, किंवा दारोदार विकते. भाव ती ठरवते, पैसा तिच्या हाती येतो, आणि त्या पैशांतून मुलांची शाळा चालते. मोठ्या नौकेची मासळी टोपलीत मावत नाही. ती व्यापाऱ्याकडे जाते, आणि डिझेल व बर्फासाठी हंगामाच्या आरंभी ज्या व्यापाऱ्याने उचल दिली असेल त्याच्याकडेच जाते. भाव तोच सांगतो. होडी मोठी झाली आणि घरातल्या बाईचा व्यवहार लहान झाला, हे किनाऱ्यावरील किती तरी घरांत घडलेले आहे. पण कर्जाच्या कोणत्याही अर्जात त्याचा रकाना नसतो.

तिसरी गोष्ट अगदी साधी, आणि तरीही बँकेच्या कागदावर न येणारी. ती म्हणजे पाण्याची खोली. आमच्या खाड्यांची मुखे गाळाने भरत चालली आहेत. सातपाटीच्या खाडीत नौकांना आत येण्यासाठी भरतीची वाट पाहत बाहेर ताटकळावे लागते. हर्णैला पिढ्यान् पिढ्या नौका समुद्रातच नांगरून मासळी लहान होड्यांनी किनाऱ्याकडे आणि तेथून बैलगाडीने लिलावापर्यंत आणण्याची रीत पडली, आणि वारा वाढला की आसऱ्यासाठी आंजर्ल्याच्या खाडीकडे किंवा जयगडकडे धावावे लागे. लहान होडी वाळूवर ओढता येते. मोठीला बंदर लागते. नौका वाढविण्यास पैसा आहे, पण तिला उभी करण्यास जागा नाही, अशी ही स्थिती आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ चक्रीवादळाने कोकणातील मच्छीमारांचे जे बळी घेतले, त्याची आठवण ज्या घरांत अजून ताजी आहे, त्यांना लांब जाणे आणि वेळेवर परत येणे यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

आणि हे सर्व करून समुद्रात आहे तरी काय? केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार महाराष्ट्राची सागरी मासळी २०१८ मध्ये २ लाख ९५ हजार टन होती, ती २०१९ मध्ये २ लाख १ हजार टनांवर आली. पंचेचाळीस वर्षांतील तो नीचांक होता. त्या वर्षी वादळांमुळे मासेमारीचे पुष्कळ दिवस बुडाले हे खरे, आणि एका वर्षावरून कायमचा निष्कर्ष काढू नये हेही खरे. परंतु ज्या पापलेटवर सातपाटीचे नाव झाले, त्याला सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान द्यावा लागला तो त्याच्या संरक्षणासाठी. आणि त्यानंतर दोनच महिन्यांत ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याची किमान लांबी शासनाला ठरवून द्यावी लागली. भरल्या घरात ताटात किती वाढायचे याचे नियम कोणी करीत नाही.

येथे आम्हांला समुद्रापासून फार दूरच्या एका मराठी मुलखाची आठवण होते. मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर या भागांत काही वर्षांपूर्वी जाण्याचा योग आला होता. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पांढुर्णा लागते. २०२३ मध्ये सौंसरसह त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. तेथील घरांत, बाजारात मराठी बोलली जाते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन तीरांवर गोटमार होते, आणि शिवारात संत्र्याच्या बागा आहेत. समुद्र न पाहिलेली माणसे तेथे पुष्कळ. पण त्यांच्या बोलण्यात आम्हांला आमच्याच किनाऱ्यावरचा विषय ऐकू आला. विहीर आटली म्हणून बोअर घेतली; शेजाऱ्याने आणखी खोल घेतली म्हणून आपणही घेतली; कर्ज दोघांचेही वाढले आणि पाणी दोघांचेही खाली गेले. सीमेपलीकडच्या वरूड-मोर्शी या संत्र्याच्या पट्ट्यात भूजलाचा अतिउपसा हा तर अनेक वर्षांचा चिंतेचा विषय आहे. प्रत्येक बागाईतदाराचा निर्णय त्याच्या बांधाच्या आत अगदी शहाणपणाचा होता. जमिनीखालच्या पाण्याला बांध नव्हते, एवढीच अडचण.

त्या शेतकऱ्याजवळ निदान सातबारा आहे. पाणी गेले तरी जमीन राहते. आमच्या मच्छीमाराजवळ समुद्राचा सातबारा नाही. त्याची नौका हीच त्याची जमीन, आणि ती कर्जात गेली की उरते ते फक्त पोहण्याचे कसब. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु शेतीला मिळणाऱ्या सवलतींबरोबर शेतीच्या कर्जाची परंपराही दर्यावर येऊ नये, एवढी भीती व्यक्त करणे आमचे कर्तव्य आहे.

या बाबतीत गोमंतकाचा अनुभव आमच्या घराशेजारचा आहे. १९६०च्या दशकात तेथे यांत्रिक ट्रॉलरांना अनुदाने मिळू लागली. ट्रॉलर आले, आणि पुष्कळ ठिकाणी ते अशांच्या हाती गेले की ज्यांच्या घरी कधी जाळे विणले गेले नव्हते. किनाऱ्यावरून रापण ओढणारा रांपणकार बाजूला पडला. १९७०च्या दशकात माथानी साल्ढाणा यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने रांपणकारांचे आंदोलन उभे राहिले, तेव्हा कोठे १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला आणि किनाऱ्यापासून पाच किलोमीटरांचा पट्टा ट्रॉलरांना बंद झाला. महाराष्ट्रात १९८१ मध्ये असा कायदा आला. पुढे पर्ससीन आली; ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने तिला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम ठेवावा लागला. मग दिव्यांच्या झोतात मासळी गोळा करण्याची युक्ती निघाली आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारला तिच्यावर बंदी घालावी लागली. आधी मोठेपणाला पैसा द्यायचा आणि मग मोठेपणा आवरायला कायदा करायचा, असा हा क्रम आहे. कायदा होईपर्यंत ज्याने कर्ज काढून नौका घेतलेली असते तो चोर ठरतो, आणि ज्याने घेतली नाही तो भिकारी.

आजही क्रम तोच दिसतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या मत्स्यसंपदा योजनेत खोल समुद्रातील नौकेचा खर्च १ कोटी २० लाख रुपये धरला होता. सर्वसाधारण लाभार्थ्याला त्याचे ४० टक्के म्हणजे ४८ लाख रुपये साहाय्य. उरलेले ७२ लाख कोणी आणायचे? त्याच योजनेत पारंपरिक मच्छीमाराला जुन्या होडीच्या जागी नवी होडी व जाळी यांसाठी ५ लाख रुपयांचा खर्च धरला होता. आमची सूचना अशी आहे की, शासनाने दुसऱ्या मदतीला पहिलीच्या पुढे आणावे. घरचीच होडी चांगली करणे, तिला कमी डिझेल पिणारे यंत्र देणे, बर्फाची पेटी, बिनतारी संदेशाची सोय, आणि सर्वांत आधी खाडीतला गाळ काढणे, यांवर खर्च झाला तर एका मोठ्या नौकेच्या पैशांत एक अख्खा कोळीवाडा उभा राहील. गाळ काढण्याचे उद्घाटन नौकेच्या उद्घाटनासारखे देखणे होत नाही, हे आम्ही जाणतो.

तेव्हा मूळ प्रश्नाला आमचे उत्तर सरळ आहे: एकट्या कुटुंबाने, कर्जाच्या बळावर, शेजाऱ्याकडे पाहून होडी मोठी करू नये. मुलाची आकांक्षा आम्ही तुच्छ लेखत नाही. लहान होडीत राहिला तर पुढच्या दहा वर्षांत त्याचे जाळे रिकामेच येईल, हे त्याचे भय खोटे नाही. ते भय दूर करण्याची जबाबदारी त्याच्या एकट्याची नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे. चार-पाच कुटुंबांनी एकत्र येऊन, आपल्या जुन्या होड्या मोडीत काढून एकच मोठी नौका सहकारी पद्धतीने घेतली, तर गोष्ट वेगळी. तेथे खलाशी घरचेच राहतात, कर्ज वाटले जाते, आणि समुद्रात होड्यांची गर्दी वाढण्याऐवजी घटते. सातपाटीसारख्या गावांनी बर्फ, डिझेल आणि विक्री यांत सहकार कसा चालवायचा हे पूर्वीच दाखवले आहे. भावाभावांची एक होडी चालत नाही तेथे पाच घरांची कशी चालणार, असे कोणी हसून विचारील. विचारणे रास्त आहे. सहकाराचे वाटोळे झालेली उदाहरणे आम्हांलाही ठाऊक आहेत. पण बँकेच्या एका नोटिशीने सगळे घर रस्त्यावर येते त्यापेक्षा पाच घरांचे भांडण परवडते.

ज्यांच्या घरी यंदा ही बैठक होणार आहे त्यांनी मागील तीन हंगामांचा हिशेब एका कागदावर मांडावा: होडी किती दिवस पाण्यात गेली, डिझेल किती जळले, मासळी किती आली, रिकाम्या हाती किती दिवस परतावे लागले. मग मोठ्या नौकेचा हप्ता त्यातल्या सर्वांत वाईट वर्षावर ठेवून पाहावा, चांगल्या वर्षावर नव्हे. आणि त्या बैठकीला घरातल्या बाईला बोलवावे. टोपलीतला पैसा कुठून आला आणि कुठे गेला, हे तिला पाठ असते.